नवऱ्याची सही, तांबी आणि ‘भ्रूणहत्या’ हा शब्द

गोदाकाठ, इंदिरानगर, नाशिक

माझी धाकटी बहीण 34 वर्षांची असून तिला दोन मुले आहेत. धाकट्याच्या जन्मानंतर तिने तांबी बसवून घेतली होती, तरीही तिला दिवस गेले आणि सध्या आठवा आठवडा चालू आहे. तिला हे मूल नको आहे आणि तसे तिने घरात स्पष्ट सांगितले आहे. तिचे यजमान अंबडच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात. त्यांचा विरोध नाही, परंतु ‘आईला विचारून सांगतो’ याच्या पुढे ते सरकत नाहीत. सासूबाईंचे म्हणणे असे की हे पाप आहे आणि करायचेच असेल तर नंतर त्र्यंबकेश्वरी जाऊन शांती करावी लागेल. आम्ही एका खासगी दवाखान्यात गेलो तेव्हा स्वागतकक्षातील बाईंनी फॉर्मच्या खालच्या भागावर पेनाने फुली मारून ‘इथे मिस्टरांची सही आणा, मग डॉक्टर बघतील’ असे सांगितले आणि आम्हाला परत पाठवले.

माझा पहिला प्रश्न या सहीविषयी आहे. दुसरा प्रश्न विचारताना मात्र मला संकोच वाटतो. मी शिक्षिका आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे 894 मुली असल्याचे समोर आले, त्यानंतर आम्ही शाळेतर्फे लेक वाचवण्याविषयीची पथनाट्ये वस्त्यावस्त्यांत केली आणि पोटातल्या मुलीचा आवाज काढण्याचे काम माझ्याकडे असे. परवा रात्री बहीण म्हणाली, “ताई, तो तुझा आवाज मला झोपेत ऐकू येतोय.” मी तिला काय उत्तर द्यायचे? जे मी चौकाचौकांत हत्या म्हणून सांगितले, तेच माझ्या बहिणीच्या बाबतीत हक्क कसे काय होते?

वकिली, कॉलेज रोड

ताई, सहीचे आधी सांगते. सज्ञान आणि मानसिक दृष्ट्या सक्षम स्त्रीच्या गर्भपातासाठी कायद्याला फक्त तिचीच संमती लागते; नवऱ्याची, सासूची किंवा वडिलांची लागत नाही. आपण ज्या खालच्या भागाचा उल्लेख केला आहे तो संमतिपत्राचा, म्हणजे फॉर्म सी चा, उत्तरार्ध असावा. तो अल्पवयीन मुलीच्या किंवा मनोरुग्ण स्त्रीच्या पालकाने भरायचा असतो. तेथे नवऱ्याची सही घेणे म्हणजे दोन मुलांच्या आईला कागदोपत्री अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, ठरवणे होय, आणि ही पद्धत इतकी रुळली आहे की सही घेणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात, डॉक्टरांनी कुटुंबाची संमती किंवा जादा कागदपत्रे यांसारख्या कायद्याबाहेरच्या अटी घालू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. ठरावीक स्त्रियांना 20 ते 24 आठवड्यांदरम्यान गर्भपात करून घेण्याची जी सवलत आहे, ती त्याच निकालाने अविवाहित स्त्रियांनाही लागू केली.

आपल्या बहिणीचे प्रकरण कायद्याच्या दृष्टीने सरळ आहे. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते, आणि गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याने दिवस गेले असतील तर त्यामुळे होणारा मनस्ताप हीच मानसिक आरोग्याला गंभीर इजा आहे असे कायदा गृहीत धरतो. पूर्वी येथे ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे शब्द होते, ते बदलून आता ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे झाले आहेत. तिचे नाव अनधिकृत व्यक्तीला कळवणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, तेव्हा सासरी कोणाला काय सांगायचे हेही तिनेच ठरवायचे आहे.

तथापि ‘हक्क’ हा शब्द आपण जपून वापरावा, असे मी म्हणेन. गर्भपात आपल्याकडे मुळात आजही गुन्हाच आहे; पूर्वी तो दंड संहितेच्या कलम 312 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेच्या कलम 88 मध्ये आहे, आणि त्या कलमात स्वतः गर्भवती स्त्रीही आरोपी होऊ शकते. 1971 चा कायदा हा त्याला केलेला अपवाद असून त्याने किल्ली स्त्रीच्या हाती न देता डॉक्टरच्या हाती दिली आहे. असुरक्षित गर्भपातांत बायका दगावत होत्या, म्हणून शांतिलाल शाह समितीने 1966 मध्ये शिफारशी केल्या आणि त्यांतून हा कायदा आला; स्त्रीच्या स्वायत्ततेची भाषा न्यायालयांनी पुढे, विशेषतः 2009 च्या सुचिता श्रीवास्तव प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून, त्यात आणली.

मेरीकर, दिंडोरी रोड

कायदा काय म्हणतो ते वकीलबाईंनी उत्तम सांगितले, परंतु बहिणीला झोप येत नाही ती कलमांमुळे नव्हे. माझे मत येथे अनेकांना जुनाट वाटेल, तरी मांडतो. आपल्या भाषेत गर्भारपणातील इच्छांना डोहाळे म्हणतात. हा शब्द संस्कृत दोहदावरून आला, आणि सुश्रुतसंहितेत गर्भिणीला दौहृदिनी, म्हणजे दोन हृदयांची, असे म्हटले आहे. ज्या समाजाने डोहाळजेवणात त्या दुसऱ्या हृदयाचे कोडकौतुक केले, त्याने नकोशा गर्भाच्या वेळी ‘पिशवी साफ केली’ असे म्हणून मोकळे व्हावे, हे मला पटत नाही. हवे असेल तेव्हा बाळ आणि नको असेल तेव्हा कचरा, असे दोन हिशेब एकाच जिवाचे कसे असतील? आपल्या बहिणीला कोणी दोषी म्हणू नये आणि मीही म्हणत नाही. पण तिला जी टोचणी लागली आहे ती निव्वळ पथनाट्याची करामत आहे, असे समजू नका.

निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, गंगापूर रोड

प्रथम वैद्यकीय सूचना, कारण ती तातडीची आहे. तांबी असताना दिवस गेले तर गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे सोनोग्राफीने पाहिल्याशिवाय कोणतीही गोळी घेऊ नये. नळीतील गर्भावर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेतते. गर्भ पिशवीत असल्यास नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी काम होते, त्यामुळे सहीच्या वादात दिवस दवडू नका. औषध दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

आता मेरीकरांना उत्तर. आपण दिलेला संदर्भ बरोबर आहे, परंतु सुश्रुतसंहितेत ते दुसरे हृदय चौथ्या महिन्यात व्यक्त होते, आठव्या आठवड्यात नव्हे. म्हणजे गर्भाचे मोल हळूहळू वाढत जाते ही कल्पना आपल्या परंपरेलाही परकी नव्हती, आणि 20 व 24 आठवड्यांच्या पायऱ्या पाडणारा कायदाही नकळत तेच म्हणतो. माझा स्वतःचा अनुभव असा की सातव्या-आठव्या आठवड्यातील गर्भपात करताना मला कधी पाप केल्यासारखे वाटले नाही. पाचव्या महिन्यानंतरच्या प्रत्येक वेळी मात्र मी आदल्या रात्री नीट झोपलो नाही, आणि तरीही त्यांतील बहुतेक केले, कारण समोर बसलेली बाई माझ्यापेक्षा जास्त रात्री जागलेली असे.

ऑक्टोबर 2023 मध्ये 26 आठवड्यांच्या एका विवाहितेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. तिलाही दोन मुले होती आणि बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारासाठी तिचे उपचार चालू होते. आधी परवानगी मिळाली, मग गर्भाचे हृदय थांबवावे काय, असे डॉक्टरांकडून विचारले गेले, आणि खंडपीठातील दोघी महिला न्यायमूर्ती, हिमा कोहली आणि बी. व्ही. नागरत्ना, यांचे मत दुभंगले. शेवटी तीन न्यायमूर्तींनी 16 ऑक्टोबरला परवानगी नाकारली. दोन स्त्रिया, एकच कागदपत्र आणि दोन विरुद्ध मते! त्यामुळे या विषयात ज्याला सगळे स्वच्छ दिसते, त्याच्याविषयी मला थोडी शंकाच येते.

सावाना (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) सभासद

प्रश्नकर्त्या ताईंचा गोंधळ मला शब्दाचा वाटतो. 1988 साली महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम गर्भलिंग निदानावर निर्बंध घालणारा कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा आला. या दोन्ही कायद्यांचा रोख लिंग तपासण्यावर होता, गर्भपातावर नव्हे. भिंतीवरच्या पाट्यांनी, नाटकांनी आणि भाषणांनी मात्र ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द घरोघरी पोचवला, आणि त्यातले ‘स्त्री’ गळून ‘भ्रूणहत्या’ तेवढे लोकांच्या डोक्यात राहिले. मुलगी नको म्हणून गर्भ पाडण्यात अन्याय होतो तो जगात असलेल्या सगळ्या मुलींवर, कारण त्यांची किंमत शून्य आहे असे त्या कृतीने जाहीर होते. आपल्या बहिणीला मुलगी नको आहे असे नाही. तिला तिसरे बाळंतपण नको आहे.

शिवाय, बाईवर मातृत्व लादल्याने काय होते हे महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते विधवांना ‘तुम्ही खुनी आहात’ असे बजावण्यासाठी नव्हे, तर गुप्तपणे बाळंत होण्यासाठी जागा म्हणून. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले त्याला ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. त्या सबंध प्रकरणात पुरुष कोठे होता, हा त्यांचा प्रश्न आजही फॉर्मवर सही मागणाऱ्यांना विचारता येईल.

मेरीकर, दिंडोरी रोड

सावाना सभासदांचा भेद मला पटला, पण तो जेथपर्यंत न्यायला हवा तेथपर्यंत त्यांनी नेला नाही. मुलगी म्हणून निवडून नाकारणे हा जिवंत मुलींचा अपमान असेल, तर व्यंग म्हणून निवडून नाकारणे हा जिवंत दिव्यांगांचा अपमान का नाही? कायदा तर 24 आठवड्यांनंतरचा दरवाजा प्रामुख्याने गंभीर व्यंगासाठीच उघडा ठेवतो. माझा पुतण्या जन्मतः दृष्टिहीन असून बँकेत अधिकारी आहे. हे वाक्य मी त्याच्या समोर बसून लिहीत आहे.

निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, गंगापूर रोड

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच सांगतो की जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वैद्यकीय मंडळाचा नकार बाजूला ठेवून सुमारे 33 आठवड्यांच्या गर्भाबाबत निर्णय त्या स्त्रीचाच असल्याचे म्हटले, आणि तेथे गर्भाच्या मेंदूची वाढच गंभीररीत्या खुंटलेली होती. आपल्या पुतण्याची आणि त्या गर्भाची तुलना होऊ शकत नाही. पण या दोहोंच्या मध्ये रेघ कोठे मारायची, हे कोणत्याही मंडळाला सेंटिमीटरमध्ये सांगता येणार नाही, हे मान्य.

गोदाकाठ, इंदिरानगर, नाशिक

सर्वांची मी ऋणी आहे. गुरुवारी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच होता आणि तांबी खाली सरकलेली दिसली. ती डॉक्टरांनी काढली. फॉर्म सी समोर आला तेव्हा तेथील परिचारिकेने पालकाच्या भागावर स्वतःच तिरकी रेघ मारली आणि बहिणीने वरच्या भागात सही केली. यजमान धाकट्याला घेऊन बाहेर बसले होते. सासूबाईंना काय सांगायचे, हे दोघांनी अजून ठरवलेले नाही.

मेरीकर, आपला पुतण्याविषयीचा प्रश्न मी बहिणीला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “त्यांना सांग, मला व्यंग असतं म्हणून नको होतं असं नाही. मला दमायला झालंय.” पथनाट्याची वही माझ्याकडे अजून आहे. यंदा शाळेने ते पुन्हा बसवायला सांगितले आहे आणि पोटातल्या मुलीचा तो संवाद ठेवावा की काढावा, याचा निर्णय मला येत्या सोमवारपर्यंत करायचा आहे.