मुलाच्या ओमानी मित्राकडे जेवायला बोलावलंय. आम्ही शाकाहारी. काय न्यावं, कसं वागावं?

केळशीची_माई

नमस्कार. जानेवारीत आम्ही दोघं दहा दिवस मस्कतला मुलाकडे जातोय. देशाबाहेर पहिल्यांदाच. मुलाबरोबर काम करणारा एक ओमानी मुलगा आहे, त्याचं घर निझव्याजवळच्या गावात. मित्राचे आईवडील येतायत म्हटल्यावर त्याने शुक्रवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलंय. घरात त्याचे आईवडील, आजी, भावंडं, भावांची मुलं, सगळे एकत्र आहेत.

मुलगा म्हणतो, "आई, तू नुसती चल, काही होत नाही." पण मला ते पटत नाही. आमच्या घरी गेली चौदा वर्षं पर्यटक उतरतात. पाहुण्याने पानात काय टाकलं, न विचारता आत कुठे शिरला, जाताना सांगून गेला की नाही, हे सगळं यजमानाच्या मनात राहतं. बोलून कोणी दाखवत नाही एवढंच. मी पहिल्यांदाच त्या बाजूला बसणार आहे, तेव्हा माझ्याकडून चूक व्हायला नको.

आम्ही मांस, मासे, अंडी काहीच खात नाही. ते कसं सांगायचं की त्यांना वाईट वाटणार नाही? भेट काय न्यावी? साडी चालेल का? आणि हो, फिरायला काय बघावं तेही सांगा. ह्यांचे गुडघे दुखतात, फार चढ नको. ह्यांना मॉल वगैरेत रस नाही, नारळ-सुपारीच्या वाडीत आयुष्य गेलेला माणूस आहे.

दाभोळ_धक्का

माई, बरं झालं विचारलंत. मी मस्कतमध्ये २२ वर्षं एसी दुरुस्तीचं काम केलं. घरोघरी जायचं काम, त्यामुळे रुस्ताकपासून सूरपर्यंत कितीतरी घरांत कॉफी प्यायलो आहे. काम संपल्यावर पैसे देऊन वाटेला लावणारं घर मला तिथे क्वचित भेटलं. आधी बसवणार, खजूर पुढे करणार, मग कामाचं बोलणार.

जेवणाचं आत्ताच सांगून ठेवा, जायच्या दिवशी नको. आणि 'व्हेजिटेरियन' एवढ्यावर थांबू नका. गावाकडे त्याचा अर्थ पुष्कळदा असा घेतात की मटणाच्या भातातले तुकडे बाजूला काढले की झालं. मुलाला म्हणावं, मित्राला स्पष्ट सांग: 'मा नाकुल लहम, वला दजाज, वला समक'. मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत. आणि भात मटणाच्या पाण्यात शिजवलेला नको. वाईट वाटण्याची भीती काढून टाका. कच्छहून गेलेले व्यापारी मुत्रहला पिढ्यान् पिढ्या राहतायत, त्यांना तिथे 'बन्यान' म्हणतात. मांस न खाणारी माणसं असतात, हे त्या लोकांना आपल्या आजोबा-पणजोबांच्या आधीपासून माहीत आहे. वाईट वाटेल ते आयत्या वेळी सांगितलंत तर. त्यांनी बकरा कापलेला असेल आणि तुम्ही हात लावणार नाही, हे कुठल्याही घराला लागेल.

तुमच्या खाण्याजोगं पुष्कळ मिळेल. खजूर, फळं, डाळ, लबन म्हणजे आपलं ताक. रखाल नावाची कागदासारखी पातळ पोळी असते. तापलेल्या तव्यावर पिठाचा गोळा हाताने फिरवून करतात, मध लावून खातात. कधी वर अंडंही फोडतात, म्हणून 'नुसता मध' सांगा. आणि ओमानी हलवा. तांब्याच्या मोठ्या कढईत तासन्‌तास घोटलेला, साखर, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी. आपल्याकडच्या चिकट बॉम्बे हलव्याच्या जातीतला, पण चव फार खोल.

आता कॉफी. तिला काहवा म्हणतात, वेलची घातलेली, बिनसाखरेची. वाढणारा डाव्या हातात दल्ला, म्हणजे चोचीचं भांडं, आणि उजव्या हातात बिनकानाचे छोटे कप धरतो. कपाला फिंजान म्हणतात. तळाशी थोडीशीच ओततात. कमी दिली असं वाटून घेऊ नका, थोडी थोडी पुन्हा पुन्हा देणं हाच मान. पहिला कप नाकारू नये. कप नुसता परत केलात तर तो भरून येणारच. पुरे झालं की मनगटातून दोन-तीनदा हलवायचा, मग द्यायचा. आपण पानावर आडवा हात धरतो ना, तसंच. हे मला रुस्ताकच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शिकवलं. तिसऱ्या कपानंतर त्यांनी माझं मनगट धरलं, हलवून दाखवलं आणि पाठीवर हात ठेवला. भाषा मला तेव्हा दहा शब्दही येत नव्हती. घेणं-देणं, खाणं सगळं उजव्या हाताने. खाली बसून, एका मोठ्या ताटाभोवती. आपल्या पुढ्यातलं खायचं, पलीकडे हात घालायचा नाही. पावलांचे तळवे समोरच्याकडे करू नयेत, तेव्हा गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा, भिंतीकडची उशीची जागा देतील किंवा खुर्ची आणतील.

शेवटी धुपाटणं फिरेल. लुबान किंवा बखूर. धूर हाताने आपल्याकडे घ्यायचा. त्यांच्यात म्हण आहे, 'बाद अल-ऊद मा फी कुऊद', धूप फिरल्यावर बसणं नाही. आपल्याकडे हळदीकुंकवाला अत्तर-गुलाब झालं की बायका उठतात, अगदी तेच. तेवढ्याने उठलात तर तुम्ही शहाण्या घरातल्या, हे त्यांना कळतं.

भेट म्हणून काजूगर न्या. फणसपोळी, आंबापोळी न्या, व्यवस्थित पॅक केलेली. पण अनारसे नकोत, खसखस घातलेलं सारण, वड्या, मसाले काहीही नको. यूएईत खसखस अंमली पदार्थांत धरतात, आखातात इतरत्रही त्यावरून माणसं अडकलेली आहेत. प्रसादाच्या पुडीतसुद्धा नको. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात. गुडघेदुखीच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल हे तीव्र वेदनाशामक नाही ना, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

फिरण्याबद्दल. जेवण शुक्रवारी आहे हे फार छान जमलंय. शुक्रवारी पहाटेच निघा, निझवा मस्कतहून सुमारे १६० किलोमीटर. तिथे सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो, जवळच १७ व्या शतकातला गोल बुरुजाचा किल्ला आहे. विकणारे बकऱ्यांना धरून गोल फिरत राहतात, घेणारे मध्ये आणि कडेला उभे. ऊन चढलं की संपतं. मग दुपारच्या नमाजापर्यंत दुकानंही बंद होतात.

पण तुमच्या मालकांना मी एकच गोष्ट दाखवा म्हणेन, ती म्हणजे फलज. डोंगराच्या पोटातलं पाणी भुयारातून आणि उघड्या पाटातून, पंप न लावता, नुसत्या उतारावर मैलोन्‌मैल आणलेलं. असे तीन हजारांच्या आसपास पाट अजून वाहते आहेत आणि त्यातले पाच २००६ साली जागतिक वारशात घेतले. दोन तुमच्या वाटेवरच आहेत, निझव्यात फलज दारिस आणि अलीकडे बिरकत अल मौजला फलज अल खतमैन. मौज म्हणजे केळी. खजुराच्या झाडांखाली केळी आणि मधून पाट, एवढं पाहिल्यावर ते आपल्याच वाडीत उभे आहेत असं त्यांना वाटेल. पाणी आधी पिण्याला, मग मशिदीला, मग धुण्याआंघोळीला, मग बागांना. बागांना पाळीने. एक पाळी साधारण अर्ध्या तासाची, तिला अथर म्हणतात. दिवसा काठीच्या सावलीवरून मोजायचे, रात्री ताऱ्यांवरून. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक म्हातारा पाटाच्या तोंडाला फडकं आणि दगड लावून पाणी वळवत होता. माझे आजोबा अगदी तसंच करायचे. मी गाडी थांबवून कितीतरी वेळ तिथे बसलो होतो.

एक सांभाळा. तिथे 'वादी' ऐकाल, ती आपली वाडी नव्हे. वादी म्हणजे डोंगरातला ओढा, एरवी कोरडा. वर कुठे पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. ढग दिसले तर आत उतरू नका.

केळशीची_माई

दाभोळकर, किती मनापासून लिहिलंत. ह्यांना वाचून दाखवलं. काही न बोलता उठून मागच्या विहिरीवर गेले. लहानपणी ह्यांनी रहाट हाकलाय, पाटाला दगड लावलेत. परत येऊन म्हणाले, किल्ला राहिला तरी चालेल, फलज बघायचाच.

एक राहिलं. बायका वेगळ्या बसतात म्हणे. मी ह्यांच्याबरोबर बसायचं की आत जायचं?

बाणकोटची_सून

माईताई, सलाम. मी अकरा वर्षं मस्कतला आहे. आमचे दाभोळवाले भाऊ मजलिशीतलं, म्हणजे बाहेरच्या पुरुषांच्या बैठकीतलं, सगळं सांगून गेले, पण आतल्या दालनात ते कधी आलेले नाहीत, म्हणून मी लिहिते.

तुम्ही आतच जाल. दारातून कोणीतरी मुलगी येऊन हात धरून नेईल. एकटं पाडलं असं वाटून घेऊ नका, खरं घर आतच असतं. बाहेर काळ्या अबायात दिसणाऱ्या बायका आत रंगीत कपड्यांत, मोकळ्या, हसत-बोलत. म्हणूनच आत फोन पर्समध्येच ठेवा. फोटो काढायचा झाला तर आजीला किंवा घरच्या बाईला विचारून, आणि मुलींचा नकोच. बाळाचं कौतुक केलंत तर आधी 'माशाल्ला' म्हणा, दृष्टीचं त्यांच्यातही आहे.

आधी आजीजवळ जा. विचारपूस लांब चालते. कशा आहात, घरचे कसे, 'शय अलूम?' म्हणजे काय बातमी. उत्तर दर वेळी 'अल्हम्दुलिल्लाह', कंबर दुखत असली तरी. मस्कतमध्ये हिंदी पुष्कळांना कळतं, गावातल्या आजीला बहुधा कळणार नाही. काही अडत नाही, त्या हात सोडतच नाहीत. पुरुषांशी मात्र आपण होऊन हात मिळवू नका. छातीवर हात ठेवून मान लववली की झालं, त्यातही पूर्ण आदर आहे.

साडीचं माझं मत असं: घरी जायला साडी चालेल, लांब बाह्यांचा ब्लाउज आणि वरून शाल. खाली बसून जेवताना, उठताना कंबर उघडी पडते, म्हणून मी तरी सलवार-कमीज आणि मोठी ओढणीच घ्या म्हणेन. सुलतान काबूस ग्रँड मशिदीत तर तेच. मनगट, घोटे, केस झाकलेले हवेत. ती २००१ मध्ये उघडली. तिचा दगड आपल्या हिंदुस्थानातून गेलेला वालुकाश्म आहे. नमाजाच्या मोठ्या दालनातला गालिचा इराणी बायकांनी चार वर्षं विणला. इतर धर्मीयांना सकाळी ८ ते ११ आत सोडतात, शुक्रवारी नाही. तेव्हा शनिवारी सकाळी जा, मुलाला तेव्हाही सुट्टी असेल. देवदर्शन हवं असेल तर जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ मोतीश्वराचं मंदिर आहे, दारसैतला कृष्णाचं.

भेट तुमच्यासमोर उघडली नाही तर मनाला लावून घेऊ नका. पाहुण्यादेखत उघडणं बरं दिसत नाही असं मानतात. आणि ताई, तुमच्याकडची आमसुलं न्या. का ते तिथे गेल्यावर कळेल.

वेळासचा_कासवमित्र

काकू, एक भर घालतो. सूरच्या पुढे रास अल जिंझला रात्री कासवं बघायला नेतात. आपल्या वेळासला ऑलिव्ह रिडले येतात, तिथे ग्रीन टर्टल, त्यापेक्षा बरीच मोठी. पण मुख्य हंगाम जून ते सप्टेंबरचा. जानेवारीत एखाददुसरंच दिसेल किंवा दिसणारही नाही. मस्कतहून अडीचशे किलोमीटर, रात्रीची वाळू, काकांचे गुडघे. मी या वेळी नको म्हणेन. गेलात तरी वाटाड्याच्या मागे राहा, बॅटरी-फ्लॅश अजिबात नाही. मादी घाबरली की अंडी न घालता परत फिरते.

त्याऐवजी सूरपर्यंत दिवसा जा, लाकडी गलबतं बांधण्याची जागा बघा. वाटेत रस्त्यालगत बिम्मा सिंकहोल आहे, निळ्या-हिरव्या पाण्याचा मोठा खड्डा. पायऱ्या आहेत, पण वरूनही छान दिसतो.

केळशीची_माई

परत येऊन चार दिवस झाले. आधीच लिहायला हवं होतं, पण सामान आवरण्यात राहिलं.

जेवायला आमच्यासाठी वेगळं ताट नव्हतं. भावाच्या बायकोने सगळ्या बायकांसाठीच त्या दिवशी बिनमांसाचा भात केला, मी एकटी पडू नये म्हणून. हे मला मुलाने परतताना गाडीत सांगितलं. मी एवढी वर्षं पाहुणे जेवायला घालतेय, पण मला हे कधी सुचलं नव्हतं.

आमसुलं आजीने हातात घेतली, वास घेतला, एक तोंडात टाकलं. मग उठून आतून काळी कडक लिंबं घेऊन आली आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली. बाणकोटच्या ताई, तेव्हा तुमचं म्हणणं कळलं. त्यांचीही वाळवलेली आंबट वस्तू, आमचीही. लूमी म्हणाली ती. मग आम्ही दोघी हातवारे करून आमटीचं आणि त्यांच्या रश्श्याचं बोलत बसलो. धूप फिरला तेव्हा मी उठले, तर तिने पदर धरून पुन्हा बसवलं. ते दाभोळकरांच्या म्हणीत बसत नाही, पण मी बसले.

हे फलजच्या कडेला पाय सोडून पाऊण तास. मित्राचे वडील शेजारी. कुणालाच कुणाची भाषा येत नाही. पाण्याची पाळी कशी वाटतात ते दोघांनी एकमेकांना वाळूत रेघा ओढून सांगितलं.

येताना आजीने पिशवीभर लूमी दिली. परवा एक अख्खी आमटीत टाकली, आमटी कडू झाली. कशी वापरायची?

बाणकोटची_सून

बिया राहिल्या, ताई, त्याने कडू होते. फोडून बिया काढून टाका, सालीचे तुकडे डाळ शिजतानाच घाला आणि उकळी आल्यावर चव बघून काढून घ्या. नाहीतर अर्धं लिंबू पाण्यात उकळून साखर घालून प्या, सर्दीला बरं. आजीला निरोप पाठवायचा असेल तर सांगा, माझे मिस्टर पुढच्या महिन्यात निझव्याला जाणार आहेत.