पिकनिकचा हिशेब आणि पिवळे बँड

[८:४१] कुलकर्णी काका ए-१०३: रविवारच्या अम्युझमेंट पार्कच्या पिकनिकचा हिशेब. एकूण माणसं ४२. तिकिटं आणि जेवणाचे पैसे आधीच जमा आहेत. बस ठरलेल्या पैशांत. जादा खर्च फक्त बसच्या वेटिंगचा, १,५०० रु. ५:३० ला सुटायची बस ६:४० ला सुटली. १,५०० भागिले ४२ म्हणजे माणशी ३५.७१. उद्या रात्रीपर्यंत जीपे करावे. 🙏

[८:४६] रोहन सी-६०२: काका, भागाकार बरोबर आहे पण वाटणी पटली नाही. आम्ही सव्वापाचलाच सामानासकट बसमध्ये बसलो होतो. आमची इरा तेवढी मैत्रिणींबरोबर लॉकरपाशी रेंगाळत होती. ज्यांच्यामुळे उशीर झाला त्यांनी वेटिंग भरावं. आमचे चौघांचे त्यातून काढा.

[८:४८] मनीषा बी-२०४: कोणामुळे झाला उशीर? नाव घेऊन लिही की.

[८:४९] रोहन: वहिनी, मनाला लावून घेऊ नका. रोलर कोस्टरच्या लाइनीत जे शेवटपर्यंत थांबले त्यांच्यामुळे. लाइन सरकत नाहीये हे पाच वाजताच दिसत होतं. तेव्हाच सोडून द्यायची ना.

[८:५२] मनीषा: दिसत होतं. आणि का सरकत नाहीये तेही दिसत होतं. पिवळे बँडवाले बाजूच्या गेटमधून तरातरा आत जात होते. आमचा अर्णव पावणेपाचला उभा राहिला आणि सहा वीसला राइडमध्ये बसला. दिवसातली त्याची तिसरी राइड. इराच्या अकरा झाल्या म्हणे, तिनेच सांगितलं.

[८:५३] रोहन: बँड फुकट नव्हते, माणशी १,१०० जादा मोजलेत. काउंटरवर सगळ्यांनाच मिळत होते.

[८:५५] मनीषा: ४,४०० मोजताना काही वाटलं नाही, आणि १४३ रुपयांसाठी एवढं तत्त्व?

[८:५६] विनायक सी-३०४ सेक्रेटरी: चर्चा करा पण पार्कचं नाव कोणी लिहू नका. मागच्या वेळी लिफ्टवाल्या कंपनीबद्दलचे स्क्रीनशॉट कुठे कुठे पोचले होते माहीत आहे ना.

[९:००] सावंत साहेब बी-५०१: मी ३२ वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. आमच्या गाडीत आमदार-खासदारांसाठी सीट राखीव असायची. त्यावरून कधी भांडण झालं नाही, कारण माझ्या गाडीत आमदार कधी चढलाच नाही. पण रांगेत मागून येऊन कोणी पुढे घुसला तर बायका छत्रीने मारायच्या. आता तोच माणूस पैसे भरून घुसतो, आणि गेटवरचा पोरगा त्याला वेलकम म्हणतो.

[९:०३] रोहन: साहेब, लोकलला फर्स्ट क्लास आहे. रेल्वेत तत्काळ आहे. तिरुपतीला ३०० रुपयांचं दर्शन आहे, आणि आपल्या बिल्डिंगमधलेच किती जण ते ऑनलाइन बुक करून जातात ते मला माहीत आहे. तिथे कोणी अन्याय म्हणत नाही.

[९:०४] जाधव वहिनी ए-२०२: आम्ही जातो. वर्षातून एकदा. बाबांना बारा तास उभं राहवत नाही.

[९:०९] इम्रान सी-१०१: फर्स्ट क्लासचं उदाहरण इथे बसत नाही, रोहन. फर्स्ट क्लासवाला चढल्याने सेकंडवाल्याची गाडी उशिरा पोचत नाही. दोघंही दादरला एकाच वेळी उतरतात. इथे तसं नाही. मी लाइनीत उभ्या उभ्या मोजलं (प्लँटमध्ये तेच करतो, सवय जात नाही). कोस्टरच्या गाडीला २० सीटा. एक फेरी सुटून दुसरी भरून सुटायला साधारण ३ मिनिटं. आमच्या पुढे तेव्हा १२० माणसं होती. म्हणजे ६ फेऱ्या, १८ मिनिटं. पण जिथे दोन लाइनी एकत्र येतात तिथला मुलगा प्रत्येक फेरीला १२ बँडवाले सोडत होता आणि आमच्यातले ८. मग १२० माणसांना लागतात १५ फेऱ्या. ४५ मिनिटं. वरची २७ मिनिटं कुठून आली? गाडी तीच, सीटा तेवढ्याच.

[९:११] रोहन: आमच्या लाइनीतून?

[९:१२] इम्रान: तुझी वाचली ती आमच्याकडे आली. पार्कने खिशातलं काहीच घातलं नाही, ना जादा गाडी लावली ना जादा माणूस ठेवला. आमचा वेळ तुला विकला, आणि आम्हाला त्यातला रुपयाही नाही.

[९:१३] सावंत साहेब: 👏👏

[९:१५] रोहन: मग फर्स्ट क्लासचा डबा काढून तिथे सेकंडचा लावला तर सेकंडची गर्दी कमी होईल की नाही? तिथेही कोणाच्या तरी जिवावरच मोकळी जागा मिळते. फक्त ते डोळ्यासमोर दिसत नाही म्हणून चालतं.

[९:१६] इम्रान: हा मुद्दा आहे. मान्य.

[९:१७] पाटील आजोबा बी-१०२: (फॉरवर्ड केलेला मेसेज) रोज सकाळी उपाशीपोटी हळदीचं कोमट पाणी पिण्याचे ११ फायदे...

[९:२२] ऋता ए-१०३: मी कुलकर्णी आजोबांची नात, त्यांच्या फोनवरून नाही, माझ्याच नंबरवरून बोलते आहे. आमच्या टुरिझमच्या प्रोजेक्टला हाच विषय होता. हे सगळं डिस्नेचं फार वाचलंय मी. तिथे १९९९ मध्ये फास्टपास आला तो फुकट होता. राइडच्या बाहेर मशीन असायचं, त्यात आपलं प्रवेशाचं तिकीट घालायचं, एक चिठ्ठी यायची की अमुक ते अमुक वेळात परत या आणि छोट्या लाइनीतून आत जा. तिकीट काढलेल्या प्रत्येकाला मिळायचा. बाबा लोक सगळ्या घराची तिकिटं मुठीत धरून सकाळी मशीनकडे पळत सुटायचे. ज्याला माहिती आणि पायात जोर, त्याचा फायदा. म्हणजे अगदी समान नव्हतंच, पण पैशाचा संबंध नव्हता. कोविडमध्ये ते बंद पडलं आणि ऑक्टोबर २०२१ ला फ्लोरिडात जीनी प्लस नावाने परत आलं तेव्हा माणशी दिवसाला १५ डॉलर लागायला लागले. २०२४ मध्ये प्रीमियर पास काढला. तिथल्या मॅजिक किंगडम पार्कला त्याचा दर जाहीर केला होता ३२९ ते ४४९ डॉलर, एका माणसाचा, एका दिवसाचा. प्रवेशाचं तिकीट वेगळं.

[९:२३] मनीषा: ४४९ डॉलर???

[९:२४] रोहन: बघा. मी १,१०० दिले तर मी गुन्हेगार.

[९:२७] ऋता: काका, पण त्याच्याही आधीची गोष्ट मला जास्त आवडली. कॅलिफोर्नियाचं डिस्नेलँड १९५५ ला उघडलं, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं तिथे कुपनांची पुस्तकं मिळायची. ए, बी, सी अशी. साध्या राइडला ए, मोठ्या राइडला वरचं अक्षर. १९५९ मध्ये ई आलं, ते सगळ्यात भारी राइडचं. १९८२ ला कुपनं बंद केली आणि एकाच तिकिटात सगळं असं झालं. कुपनांच्या काळात चांगल्या राइडला पैसे जास्त पडायचे, पण जो देईल तो त्याच एका लाइनीत उभा राहायचा.

[९:३०] सावंत साहेब: म्हणजे आपला जत्रेतला पाळणाच की. मोठ्या पाळण्याला जास्त पैसे, घोड्यांच्या चक्राला कमी. पण पाळणेवाल्याने कोणाला मधून वर चढवलं तर पब्लिकने पाळणा उतरवला असता.

[९:३१] रोहन: आणि ज्याच्याकडे ई कुपन घ्यायला पैसे नसतील तो पोरगा? तो तर बसणारच नाही. आजच्या पद्धतीत अर्णव उशिरा का होईना, बसला.

[९:३३] मनीषा: उपकार झाले.

[९:३४] विनायक सेक्रेटरी: वहिनी, रोहन, सांभाळून 🙏

[९:३८] रोहन: विनायक, मी मनापासून लिहितोय. माझी ऑन-कॉल ड्युटी असते, शनिवारी रात्री अडीचपर्यंत कॉलवर होतो. वर्षातून असा एखादाच अख्खा रविवार मुलांबरोबर मिळतो. तो मी लाइनीत घालवू? माझ्याकडे वेळ नाही, पैसे आहेत, म्हणून पैसे दिले. यात माज कुठे आहे?

[९:४१] मनीषा: माज नाही म्हणत मी. पण अर्णवचे बाबा कंपनीत तिन्ही शिफ्ट करतात. त्यांना हा रविवार बदली देऊन मिळाला होता. त्या रविवारातलीच २७ मिनिटं तू घेतलीस ना, इम्रानभाईंच्या हिशेबाने. आणि तीसुद्धा एकाच राइडची.

[९:४२] रोहन: ...

[९:५०] देशपांडे काकू ए-३०१: व्हॉइस मेसेज करणार होते, पण मागे सगळे ओरडला होतात म्हणून टाइप करते आहे, हळू आहे. आम्ही गेल्या वर्षी मुलाकडे ऑरलँडोला होतो, तेव्हा तिथल्या डिस्नेला गेलो होतो. आमच्या नातवाला ऑटिझम आहे हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. त्याला गर्दीत, आवाजात उभं राहवत नाही. कान दाबून खाली बसतो. तिथे अशा मुलांसाठी वेगळी सोय आहे. ती घेतली की लोक मागून बघतात, यांचं काय वेगळं म्हणून. पण त्यात लाइन तोडत नाहीत हो. राइडला ५० मिनिटांची लाइन असेल तर साधारण तेवढ्या वेळाने या म्हणून वेळ देतात. आम्ही थांबायचोच, फक्त लाइनीत नाही, एका झाडाखाली. तो माझ्या बांगड्या मोजत बसायचा. त्याला सतरा मोजायला आवडतं, म्हणून मी मुद्दाम सतरा घालून गेले होते.

[९:५२] जाधव वहिनी: 🙏🙏

[९:५६] ऋता: काकू, त्या सोयीचाही लोकांनी बाजार मांडला होता. २०१३ मध्ये बातम्या आल्या की न्यूयॉर्कमधली श्रीमंत घरं अपंग माणसाला तासाच्या बोलीवर बरोबर घेऊन जातात, म्हणजे अख्खं कुटुंब त्याच्या कार्डावर पुढे. त्याच वर्षी डिस्नेने जुनं कार्ड बंद करून वेळ देण्याची पद्धत आणली. २०२४ ला नियम आणखी कडक झाले. आता मुख्यतः ऑटिझमसारख्या अडचणी असलेल्यांनाच मिळते, आणि आधी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं.

[९:५९] देशपांडे काकू: हो, सूनबाईला तो कॉल करावा लागला. मुलाला काय काय जमत नाही ते त्याच्यासमोरच परक्या माणसाला सांगायचं. ती नंतर बाथरूममध्ये जाऊन रडली. आणि त्याच गेटमधून ४०० डॉलरवालेही जातात, त्यांना कोणी काही विचारत नाही.

[१०:०७] सावंत साहेब: ताई, वाचून गप्प बसलो होतो. एकच लिहितो. पंढरपूरला आषाढीला मुख्यमंत्री महापूजेला येतात, तेव्हा दर्शनबारीत जे जोडपं पहिलं असतं त्यांना मानाचे वारकरी म्हणून पूजेला बरोबर घेतात. बिचारे रात्र रात्र उभे असतात. ते कोण, कुठले, किती एकर शेती, कोणी विचारत नाही. उभं राहिले एवढीच लायकी. हे मला फार बरं वाटतं बघायला. मुख्यमंत्री स्वतः कुठल्या रांगेत उभे होते ते विचारू नका.

[१०:०९] इम्रान: 😂 साहेब

[१०:११] विनायक सेक्रेटरी: पुढच्या वर्षीचं बोलू या का? सूचना द्या.

[१०:१२] सावंत साहेब: घ्यायचे तर सगळ्यांना बँड, नाहीतर कोणालाच नाही.

[१०:१४] कुलकर्णी काका: ४२ गुणिले १,१०० म्हणजे ४६,२०० रु. होतात. पाण्याच्या टाकीचं काम त्याहून स्वस्तात बसतंय.

[१०:१५] इम्रान: आणि सगळ्यांनी घेतला तर त्या बँडला अर्थच उरत नाही. बँडवाल्यांची लाइन लागेल. त्यापेक्षा शाळा सुरू असताना मधल्या वारी जाऊ. लाइनच नसते.

[१०:१६] मनीषा: शाळा सुरू असताना शिक्षिकेला सुट्टी कोण देणार? 😀

[१०:१८] रोहन: ठीक आहे, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आत्ताचा माझा मुद्दा तेवढाच आहे काका. आम्ही चौघं वेळेवर होतो.

[१०:२३] मनीषा: रोहन, हे मी लिहिणार नव्हते. अर्णवने शपथ घातली होती. शेवटच्या त्या लाइनीत इरापण होती. पाचपासून. बँड बाहीत सरकवून.

[१०:२४] रोहन: काय?

[१०:२५] मनीषा: एकटीने बसून कंटाळा आला म्हणाली. बाजूला कोणी तरी भलताच काका असतो, ओरडायला पण लाज वाटते. मग ही चार-पाच पोरं लाइनीत नाव-गाव-फळ-फूल खेळत उभी. कागद नव्हता तर तिकिटाच्या मागे लिहीत होते. ‘ठ’ वरून गाव कोणालाच सुचेना, तर मागचा एक अनोळखी माणूस ठाणे ठाणे म्हणून ओरडला. मी खाली बाकावर बसून बघत होते. त्या गेटवरच्या मुलाने बँड बघून इराला दोनदा पुढे बोलावलं, तर तिने मान हलवली.

[१०:२६] मनीषा: लॉकरपाशी कोणी नव्हतं रे.

[१०:३१] रोहन: नेहाला विचारलं. तिला माहीत होतं. घरात फक्त मलाच माहीत नव्हतं.

[१०:३२] सावंत साहेब: म्हणजे वेटिंगमध्ये सी-६०२ पण आहे.

[१०:३३] इम्रान: ऑन रेकॉर्ड 😀

[१०:३६] रोहन: काका, चौघांचे किती झाले?

[१०:३७] कुलकर्णी काका: १४२.८६. सोयीसाठी १४३ पाठवा. १४ पैसे सोसायटीच्या खात्यात जमा दाखवतो.

[१०:३८] रोहन: पाठवले.

[१०:३९] कुलकर्णी काका: मिळाले. बाकीचे ३८ जण?