मदत हवी आहे: मुलगा ८ वर्षांचा, गणित पाचवीचं, अक्षर दुसरीचं. फॉर्मवर इयत्ता कुठली लिहू?

नमस्कार मंडळी, इथे बरेच जण मुलांना घरीच शिकवतायत म्हणून विचारतेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

धाकट्याला आठ पूर्ण झाली. थोरली दहाची. दोघंही दोन वर्षांपासून घरी शिकतायत. थोरली पाचवीचं करतेय आणि वयाप्रमाणे धाकटा तिसरीत. पण तिसरीचं गणिताचं पुस्तक त्याने दीड महिन्यात उडवलं, चौथीचं मी आणून ठेवलं होतं ते मी न सांगताच संपवलं, आणि आता ताईच्या वहीत डोकावून "अगं आधी छेद सारखे कर ना" असं सांगत बसतो. मग पुढे जी जुंपते ती विचारू नका. वाचायला तर काहीही पुरत नाही, मोठ्यांसाठीची विज्ञानाची पुस्तकं घेऊन बसतो आणि नंतर विचारलं तर नीट सांगतोपण, म्हणजे नुसती पानं उलटत नाहीये.

आता दुसरी बाजू. लिहायला बसवलं की पाचव्या ओळीला डोळ्यात पाणी. जोडाक्षरं अर्धी गायब, ओळ वर चढत जाते. ज्वालामुखीवर तोंडी अर्धा तास बोलेल आणि वहीत लिहिणार "लाव्हा गरम असतो." बस. आणि खेळात हरला की अजूनही जमिनीवर लोळण घेतो, तिथे वय पाचच धरा.

मी तिसरीची टेस्ट दिली, १०० पैकी ९८. त्यातून काय कळणार, कप्पाळ. मग पाचवीचा वार्षिक पेपर दिला, ८६. सहावीचा दिला तर ५८, आणि गेले कुठे बघितलं तर निम्मे मार्क शाब्दिक उदाहरणांत, बाकी भूमितीच्या रचनेत, कारण कंपास त्याने हातातच धरला नव्हता कधी.

नवऱ्याचं म्हणणं सरळ पाचवी लिहून मोकळी हो, उगाच मागे का ठेवायचा. मला धडधड होतेय. फॉर्मवरचा इयत्तेचा रकाना आठ दिवस रिकामा आहे. पाचवी लिहिली तर लेखन आणि बाकीचे विषयपण पाचवीचे करून घ्यायचे का? आणि तिसरी लिहिली तर तो कंटाळून शिकणंच सोडेल का? कोणी असं केलंय का, प्लीज सांगा.

प्रतिसाद १
फॉर्मवरची इयत्ता आणि टेबलावरचं पुस्तक एक असायला हवं असं कोणी सांगितलं? आमच्याकडे कागदावर वयाची इयत्ता, गणित दोन वर्षं पुढे, भाषा आहे तिथे. वर नेणं कधीही जमतं, नंतर खाली आणलं तर पोराला वाटतं आपण नापास झालो. आणि शेवटच्या मोठ्या परीक्षेला वयाची अट आहे का ते आत्ताच बघून ठेवा, नाहीतर एवढी घाई करून शेवटी दोन वर्षं नुसता बसून राहील.

प्रतिसाद २
ताई, तुम्ही वरच्या वर्गाचे पेपर दिलेत ते एकदम बरोबर केलंत. स्वतःच्याच वर्गाच्या परीक्षेत अशी मुलं छताला टेकतात, खरी उंची कळतच नाही. ज्युलियन स्टॅनली या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत १९७१ साली गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला तेव्हा हेच केलं होतं, सातवी-आठवीच्या मुलांना कॉलेज प्रवेशासाठीची सॅट परीक्षा द्यायला लावली. पण ८६ म्हणजे पाचवी झाली असं धरू नका, गेलेले १४ कुठले ते बघा. शाब्दिक उदाहरणं आणि कंपास एवढंच वेगळं काढून महिनाभर करा, अख्खं पुस्तक परत नको.

लिखाणाचं मात्र वेगळं आहे. डोकं पुढे आणि बोटं वयाचीच, हे अशा मुलांत खूप दिसतं, आळस नव्हे तो. विज्ञान, इतिहासाची उत्तरं तोंडी घ्या किंवा टाइप करू द्या, आणि हाताने लिहायचा सराव वेगळा, रोज दहा मिनिटं, घड्याळ लावून. दोन्ही एकत्र केलं की विज्ञानपण नकोसं होतं. (अनुभवाचे बोल आहेत, आमच्याकडे एक अख्खं वर्ष त्यात गेलं.)

आणि तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात मोठी गोष्ट एका ओळीत येऊन गेलीय. थोरली पाचवीत आहे! मुलाला अख्खा वर्ग पुढे ढकलायचा का हे ठरवायला आयोवा अ‍ॅक्सिलरेशन स्केल नावाची एक पद्धत शाळांमध्ये वापरतात, त्यात भाऊ किंवा बहीण त्याच वर्गात असेल तर ढकलू नका असं स्पष्ट आहे. मुलाची स्वतःची इच्छा नसेल तरीही नाही. दोघांना विचारलंत का?

मूळ धागाकर्ती
नव्हतं विचारलं, खरंच सुचलं नाही. काल रात्री आधी धाकट्याला विचारलं तर म्हणाला "पाचवीत गेलो तर जास्त लिहावं लागेल का?" हो म्हटल्यावर विषय संपला त्याच्यापुरता. थोरली बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली "तो पाचवीत आला तर मला सहावीत घाल." हसून म्हणाली पण नंतर वही उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

फॉर्मवर तिसरी लिहिलं. नवरा अजून कुरकुरतोय, त्याला वरचे दोन्ही प्रतिसाद वाचायला दिलेत. गणित आता दोघांचं वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या खोलीत घेतेय, कंपास आणलाय, पहिल्याच दिवशी टेबलाला भोक पडलं.

आता आठ वर्षांच्या बोटांना मराठी टायपिंग कसं शिकवायचं ते सांगा कोणीतरी, जोडाक्षरांपाशी तिथेपण अडतोय.