पंचवीस हजारांचा क्लोन की चार लाखांचा मूळ सिंथ?

मध्यमपंचम
गेल्या रविवारी एरंडवण्यात मित्राच्या जॅमरूमवर माझा नवा सिंथ (सिंथेसायझर, विजेच्या सर्किटने आवाज घडवणारं वाद्य) घेऊन गेलो होतो. बेहरिंगर कंपनीचा मॉडेल डी, एका जुन्या महागड्या सिंथची स्वस्त नक्कल, म्हणजे क्लोन. तिथे एक जण डबा बघताक्षणी म्हणाला, "चोरीचा माल आणलास." तेव्हा काही बोललो नाही, पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिनीमोग मॉडेल डी हा मोग कंपनीचा १९७० सालचा अ‍ॅनालॉग (आवाज डिजिटल आकड्यांनी नाही, थेट सर्किटने घडवणारा) सिंथ. तीन ऑसिलेटर (सूर काढणारी सर्किटं), एका वेळी एकच सूर, आणि पुढे त्या आवाजाचा तीक्ष्णपणा गाळणारा मोगचा तो लॅडर फिल्टर. मोगने तो २०१६ मध्ये आणि परत २०२२ मध्ये नव्याने बनवला. २०२२ची किंमत ४,९९९ डॉलर. बेहरिंगरने त्याच सर्किटवर बेतलेला, पट्ट्या नसलेला, दप्तरात मावेल एवढा डबा काढला तो २९९ डॉलरला. डॉलर ८५ रुपये धरा: इकडे पंचवीस हजार, तिकडे सव्वाचार लाख. कस्टम, जीएसटी आणि कुरिअर दोन्हींवर वेगळं.

लॅडर फिल्टरचं पेटंट १९६९ सालचं. त्याची मुदत माझ्या जन्माआधी संपली. पेटंट म्हणजे करारच असतो ना? काही वर्षं तुम्ही एकट्याने कमवा, नंतर ते ज्ञान सगळ्यांचं. मग मुदत संपल्यावर कुणी ते वापरलं तर चोरी कशी?

रात्री अकरानंतर हेडफोन लावून बसतो. दोन ऑसिलेटर जवळजवळ एका सुरात आणले की त्यांच्यात लाट येते, तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवताना येते तशी. लाट सावकाश होत जाते, लांब होते, आणि थांबायच्या जरा अलीकडे हात सोडला की आवाज जिवंत राहतो. हा अनुभव मला कोथरूडच्या वन बीएचकेत, पगाराच्या पैशातून मिळाला. सव्वाचार लाखांत तो मला या जन्मी मिळाला नसता.

निषाद_कोमल
कायद्याने चोरी नाही, मान्य. पण प्रश्न फक्त पेटंटचा असता तर सर्किट घेऊन त्यांनी स्वतःचा सिंथ केला असता. इथे पॅनेलची मांडणी तीच, नॉबचा क्रम तोच, नावही तेच. मी प्रॉडक्ट डिझाइनमध्ये काम करते. कुठला नॉब कुठे असावा हे ठरवण्यात महिने जातात. वाजवणाऱ्याचा हात न बघता कटऑफवर (फिल्टर किती गाळतो ते ठरवणारा नॉब) पडतो, तो कुणीतरी विचार केला म्हणून पडतो. त्या विचाराला पेटंट मिळत नाही, पण तो फुकट झालेला नसतो.

आणि तुमच्या लेखनात एक गृहीत आहे, की स्वस्त हवं तर क्लोनच घ्यावा लागतो. ते खरं नाही. कॉर्गचा मिनीलॉग २०१६ मध्ये आला. चार सूर एकदम वाजवणारा, खरा अ‍ॅनालॉग, पट्ट्यांसकट, किंमत साधारण ५०० डॉलर. कुणाची नक्कल नाही, पूर्ण नवं डिझाइन. जुनाच आवाज हवा असेल तर कॉर्गनेच स्वतःचा १९७८चा एमएस-२० थोडा लहान करून २०१३ मध्ये एमएस-२० मिनी म्हणून काढला, तोही सहाशे डॉलरच्या आत. किंमत कमी करायची तर मूळ कंपनीही करू शकते. खुद्द बेहरिंगरचा डीपमाइंड १२ हा त्यांचा स्वतःचा सिंथ आहे आणि चांगला आहे. म्हणजे यांना नवीन करता येतं. येत असताना नक्कल करायची निवड केली, याचा मला राग आहे.

मध्यमपंचम
निषादताई, मिनीलॉगचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरला नव्हता.

पण नकलेचं म्हणाल तर बॉब मोग यांची स्वतःची सुरुवात कशाने झाली? थेरेमिन बनवण्यापासून. लेव्ह थेरेमिन यांनी शोधलेलं वाद्य, मोग यांनी पोरवयात छापील आराखडे बघून बनवलं, १९५४ मध्ये ते कसं बनवायचं यावर लेख लिहिला आणि पुढे थेरेमिन विकली. त्या कामातून हात तयार झाला आणि मग सिंथ आला. नंतर एआरपी कंपनीने मोगसारखाच फिल्टर वापरला तेव्हा मोगने हरकत घेतली आणि एआरपीला दुसरा फिल्टर करावा लागला. पेटंट जिवंत होतं, हरकत रास्तच होती. आज ते जिवंत नाही.

स्वस्तात मिळालेल्या वाद्याने काय होतं ते रोलंडच्या टीबी-३०३ने दाखवलं आहे. १९८१चं हे बेसचं यंत्र बाजारात पडलं, १९८४ला बंद झालं, सेकंडहँड दुकानांत कवडीमोलाने विकलं गेलं. शिकागोच्या पोरांना ते त्या भावात मिळालं म्हणून त्यातून अ‍ॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्माला आला. आणि त्याआधी, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजीत सिंग यांनी हेच टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ती रेकॉर्ड जगाला कळायला २०१०चं पुनर्प्रकाशन उजाडावं लागलं. पुढे टीबी-३०३ला लोक वेड लागल्यासारखे पैसे मोजायला लागले आणि ते पुन्हा आपल्या हाताबाहेर गेलं. आज त्याचा क्लोन दीडशे डॉलरच्या आसपास मिळतो. पुढचा चरणजीत सिंग वडगावात राहत असेल तर त्याच्या हातात काय पडणार आहे?

सातारा_रोड
हेच लिहायला आलो होतो. कॉलेजच्या नाटकाच्या टीमसाठी गेल्या वर्षी आम्ही सिंथ भाड्याने शोधला. डिजिटल कीबोर्ड हवे तेवढे मिळाले, अ‍ॅनालॉग एकही नाही. शेवटी पाच जणांनी वर्गणी काढून एक छोटा क्लोन घेतला. तो नसता तर त्या नाटकात तो आवाजच नसता. मला यात नैतिक अडचण खरंच दिसत नाही.

निषाद_कोमल
चरणजीत सिंग यांचं उदाहरण मला आवडलं, पण ते तुमच्या विरुद्ध जातं. त्यांच्या हातात त्या काळची नवीकोरी यंत्रं होती. कुणीतरी आधी न ऐकलेलं काहीतरी बनवलं होतं, म्हणून त्यांना आधी न ऐकलेलं वाजवता आलं. सगळा पैसा पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रांच्या स्वस्त प्रतींकडे वळला तर आजचं ३०३ कोण बनवणार? मोग कंपनी २०२३ मध्ये इनम्युझिक या कंपनीला विकली गेली. ते क्लोनमुळेच झालं असा माझा दावा नाही. पण संशोधनाचा खर्च उचलणाऱ्यांचं कठीण झालंय, एवढं तर दिसतंय.

दुसरं, वागणूक. २०१७ मध्ये बेहरिंगरच्या मालक कंपनीने डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीवर, तिच्या एका इंजिनिअरवर आणि फोरमवर टीका करणाऱ्या निनावी लोकांवर बदनामीचा दावा लावला. कोर्टाने तो फेटाळला. हे डेव्ह स्मिथ कोण? १९७८चा प्रॉफेट-५ हा सिंथ बनवणारे. मिडीचे, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायच्या सामायिक भाषेचे, एक जनक. रोलंडच्या काकेहाशींसोबत त्यांनी १९८३ मध्ये मिडी जगापुढे आणलं आणि त्यावर एक पैसा रॉयल्टी ठेवली नाही. तुमच्या पंचवीस हजारांच्या डब्याला जे मिडीचं भोक आहे ते या माणसाच्या मोठेपणामुळे आहे. असा माणूस सत्तरीत, २०२० मध्ये, प्रॉफेट-५ पुन्हा बनवतो, तेव्हा ती किंमत मला महाग वाटत नाही. २०२२ मध्ये ते गेले. मी तेव्हा रडले होते.

सोल्डर_काका
बुधवार पेठेत माझं रिपेअरिंगचं टेबल आहे, तीसेक वर्षं झाली. आधी ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड, आता सिंथही येतात. मला दोघांनाही काही सांगायचंय.

आधी मध्यमपंचमला. पंचवीस हजार ही खरेदीची किंमत झाली. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक स्वस्त सिंथ आला, कंपनीचं नाव लिहीत नाही. केबलचे सॉकेट थेट मेन बोर्डावर, पुढच्या पत्र्याला नटाचा आधार नाही. रोज केबल ओढून ओढून सोल्डर तडकलेला. सगळे पार्ट एसएमडी, म्हणजे थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर केलेले, तिळाएवढे. सॉकेट मी बसवून दिलं, पण आतली एक आयसी (चिप) गेली होती, तिचा सर्किट डायग्राम कुठे मिळेना. पोराला डबा परत दिला. त्याच महिन्यात चाळीस वर्षांचा एक जपानी सिंथ आला. कपॅसिटर फुगलेले, स्लायडरमध्ये धुळीचे थर. पण सर्व्हिस मॅन्युअल नेटवर आहे, पार्ट बोटाने धरता येतात, कपॅसिटर तपकीर गल्लीत मिळाले. संध्याकाळपर्यंत वाजायला लागला. वाद्य दुरुस्त होणारं असावं, हे मी किमतीच्या आधी बघतो.

आता निषादताईंना. जुने प्रॉफेट-५ आज जिवंत राहतात ते कशामुळे? त्यांच्या तिसऱ्या आवृत्तीत सीईएम ३३४० नावाची ऑसिलेटरची चिप असते. ती कित्येक वर्षं बनतच नव्हती, जुना साठा सोन्याच्या भावाने जायचा. मूळ चिप २०१६ मध्ये पुन्हा आली, आणि तिची नक्कल असलेली व्ही३३४०ही मिळते, तीच पिनरचना, त्याच सॉकेटात बसते. ती नक्कल करणारी कूलऑडिओ ही बेहरिंगरच्याच घरातली कंपनी. म्हणजे नकलेच्या चिपनेही मूळ वाद्यं वाचतात. मी स्वतः बसवल्यात.

जवारी
मी सिंथवाली नाही, गाते. माझा तानपुरा मिरजेचा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हा आमच्याकडेही अशीच चर्चा झाली होती, खरा कुठला आणि नकली कुठला. मला एवढंच कळतं की तानपुऱ्याचा आराखडा कुणाच्याच मालकीचा नाही. भोपळा, दांडी, घोडी, सगळं सगळ्यांना माहीत. पैसे कशाचे? घोडी घासून तारेला झंकार देणाऱ्या, म्हणजे जवारी काढणाऱ्या हाताचे. कानस किती आणि कुठे फिरवायची, ते ऐकून ठरवणाऱ्या कानाचे. तुमच्या सिंथमध्ये असा हात कुठे असतो का? असेल तर मूळ वाद्याचे पैसे मला पटतील. नसेल तर दोन्ही डबेच.

सोल्डर_काका
जवारीताई, असतो. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरला सूर सांगितला जातो व्होल्टेजने, दर सप्तकाला एक व्होल्ट. त्या व्होल्टेजचं सुरात रूपांतर करतो ट्रान्झिस्टर, आणि ट्रान्झिस्टरला उकाडा सोसत नाही. एका अंशाला साधारण ०.३३ टक्के फरक. उपाय केला नाही तर दहा अंश तापमान वाढल्यावर तीन सप्तकं वरचा, काळी एकला लागलेला सूर पांढरी एकच्याही खाली उतरेल. पुण्यात एप्रिलमध्ये सकाळी सात आणि दुपारी दोन यांत दहा अंशांपेक्षा जास्तच फरक असतो. म्हणून जोडीचे सारखे ट्रान्झिस्टर निवडतात आणि उष्णतेबरोबर बदलणारा खास रेझिस्टर लावतात. हे मूळ वाद्यातही असतं आणि नीट केलेल्या क्लोनमध्येही.

पण शेवटचा हात ट्रिमरवर, म्हणजे सूर बारीक मिळवायच्या स्क्रूवर, फिरतो. सिंथ अर्धा तास तापू द्यायचा. खालचा सा मिळवायचा, दोन सप्तकं वर जायचं, उतरला असेल तेवढा स्क्रू किंचित फिरवायचा. मग परत खाली, कारण वरचं फिरवलं की खालचंही हललेलं असतं. असं पाच-सहा वेळा, प्रत्येक ऑसिलेटरला. महागड्या वाद्यात हे काम कारखान्यात माणूस वेळ देऊन करतो, ते तुमच्या पैशात धरलेलं असतं. स्वस्तात तेवढा वेळ देता येत नाही. हीच तुमची जवारी. फरक एवढाच की ती नंतरही काढून घेता येते.

मध्यमपंचम
काका, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता तपासलं. तिसरा ऑसिलेटर वरच्या सप्तकात खरंच उतरतोय. मला वाटत होतं की अ‍ॅनालॉगचा गोडवा म्हणतात तो हाच. शनिवारी टेबलावर घेऊन येऊ का? मजुरी सांगा.

निषादताई, दाव्याचं मला माहीत नव्हतं. सिंथ विकणार नाही, क्लोन घेण्यात चूक झाली असंही वाटत नाही. पण पुढचा सिंथ नक्कल नसलेला घेईन, एवढं ठरवलंय.

सोल्डर_काका
अकरानंतर ये, दुपारी एक ते चार बंद असतं. येण्याआधी घरी चालू करू नकोस, गार असतानाचा सूरही मला बघायचाय. मजुरी तीनशे.

निषाद_कोमल
ट्यून करून आला की मीही एमएस-२० मिनी घेऊन येते, माझ्या एका स्नेह्यांकडे २०१६चा मोग आहे, तेही येतील म्हणतात. पण ऐकायचं तर नीट ऐकू. तिघांची पातळी मीटरवर सारखी करायची, कारण जो जरासा मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो. वर चादर टाकायची. आणि जवारीताई, तुम्ही पाठ करून बसा, तुमच्या कानावर माझा आमच्या दोघांपेक्षा जास्त विश्वास आहे.

जवारी
येते. फक्त तिघांनाही माझ्या पट्टीत लावा, काळी चार.