कॅमेरा ठिपके बरोबर धरतोय, तरी प्रत्येक भोक ०.३ मिमी उजवीकडे

जेकार्ड_दुरुस्ती, सोलापूर
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. जेकार्ड, डॉबी म्हणजे मागावर नक्षी विणणारी यंत्रं, त्यांची कंट्रोल कार्डं (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) दुरुस्त करतो. जी आता मिळतच नाहीत ती नव्याने बनवतो. बोर्डात भोकं पाडायला सेकंडहँड आणलेलं कॅमेऱ्याचं ड्रिल मशीन आहे. त्याचा कंट्रोलर गेला, पण बाकी मशीन ठणठणीत, टाकून द्यायला जीव होईना. म्हणून आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर जीआरबीएल (मशीनच्या मोटर हलवणारं फुकट सॉफ्टवेअर) चढवलं आणि कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम पायथन-ओपनसीव्हीत (चित्र ओळखणारी लायब्ररी) रात्री बसून लिहिला.

बोर्डाच्या दोन कोपऱ्यांत तांब्याचे १ मिमीचे गोल ठिपके असतात. कॅमेरा ते शोधतो, त्यावरून बोर्ड किती सरकलाय, किती फिरलाय ते निघतं आणि सगळ्या भोकांचे आकडे तसे बदलतात. कॅमेरा ते स्पिंडल (ड्रिल फिरवणारा दांडा) हे अंतर, म्हणजे ऑफसेट, एकदाच मोजून ठेवलाय.

पहिले चार बोर्ड सुरेख निघाले. आता मात्र सगळं उजवीकडे. पॅड (भोकाभोवतीची तांब्याची गोल चकती) १.६ मिमी, भोक १ मिमी. म्हणजे भोकाची कड पॅडच्या कडेलाच टेकते. ४० पिनांच्या कनेक्टरची अख्खी रांग वाया गेली. या कार्डावाचून टॉवेलचा एक माग बंद आहे आणि माग बंद म्हणजे विणकराची मजुरी बंद. कृपया लवकर सांगा.

ड्रिलफाइल
एक्सेलॉन फाइलचं (भोकांच्या आकड्यांची फाइल) हेडर बघा. इंच की मेट्रिक, शून्यं पुढची ठेवलीत की मागची.

जेकार्ड_दुरुस्ती
बघितलं, बरोबर आहे. तिथे चुकलं असतं तर भोकं बोर्डाबाहेरच गेली असती.

टूलरूम_३०वर्षं
चूक सगळीकडे सारखी आहे का? कोपऱ्याकडे वाढत गेली तर स्केल किंवा कोन. ज्या बाजूने बेड येतो तशी बदलली तर बॅकलॅश, म्हणजे स्क्रूतला ढिलेपणा. सारखीच असेल तर ऑफसेट. आणि बोर्डाखाली काय घालता?

जेकार्ड_दुरुस्ती
अगदी सारखी. खाली आधी ३ मिमीचा हार्डबोर्ड होता. तो संपला म्हणून ९ मिमीचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) घातला.

टूलरूम_३०वर्षं
मग तिथंच आहे बघा. कॅमेरा स्पिंडलला समांतर नाही. ६ मिमी उंचीत ०.३ सरकलं म्हणजे साधारण ३ अंश कलंडलाय. तुकड्यावर भोक पाडा, कॅमेरा त्यावर नेऊन आकडा लिहा. दोन्ही जाडींवर करा. भोक चित्राच्या बरोबर मध्यात आणूनच आकडा घ्या, कारण उंची बदलली की एक पिक्सेल म्हणजे किती मिमी, तेही बदलतं. नुसता ऑफसेट सुधारून सोडू नका, पुढच्या जाडीला परत हेच होईल.

जेकार्ड_दुरुस्ती
काका, तुमचं खरं निघालं. ऑफसेट ३ मिमीवर ४२.१८ मिमी, ९ मिमीवर ४२.४७. ब्रॅकेटच्या खालच्या स्क्रूमागे पत्र्याची पट्टी घातली, गुणिया लावून कसलं. आता ४१.९६ आणि ४१.९७ येतंय.

प्रोग्रॅमही बदलला. आता प्रत्येक लॉटआधी मशीन बोर्डाबाहेरच्या पट्टीवर एक भोक पाडतं, कॅमेऱ्याने स्वतःच बघतं आणि फरक ०.०५ च्या वर असेल तर पुढे जातच नाही. कार्ड काल दुपारी बसवलं. माग चालू आहे.

टूलरूम_३०वर्षं
छान. मोठ्या बोर्डाला तिसरा ठिपकाही द्या. बोर्डाची नक्षी ज्या फिल्मवरून छापतात ती आडवी-उभी सारखी ताणत नाही, ते दोन ठिपक्यांवरून कळत नाही.