मांजराच्या हॉटेलात मापो टोफू कोण मागतं?

चपातीवाली_काकू:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा खुळ्यासारखा आहे, पण घरात विचारायची सोय नाही. मुलगा म्हणतो, "आई, गेम? तू?"

माझी सांगलीत विश्रामबागला मेस आहे. चाळीस-बेचाळीस मेंबर, सगळी कॉलेजची पोरं. दुपारी अडीचला शेवटचं ताट उठलं की साडेचारला कणीक भिजवेपर्यंत पाठ टेकते, तेवढाच मोबाईल. दिवाळीत लेक आली होती, तिने मोबाईलवर 'ॲनिमल रेस्टॉरंट' हा गेम घालून दिला. म्हणाली, "तुला आवडेल, मांजर हॉटेल चालवतं." म्हटलं, दिवसभर हेच करते, आता आडवी पडूनही हेच? पण लागला नाद.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: जंगलात एक हॉटेल. वादळी पावसात एक भटकं मांजर दारात येऊन कोसळतं, मालक त्याला कामाला ठेवून घेतो. त्याचं नाव गुमी. पांढरा ससा येतो, बसतो, डोक्यावर फुगा येतो, त्यात हवा तो पदार्थ. खाऊन झालं की पैशाऐवजी कॉड मासे ठेवून जातो. रोख! "काकू, पुढच्या महिन्यात देतो" म्हणणारं एक जनावर नाही. खाडे मांडायचे नाहीत. माझ्या वहीत खाड्यांची वेगळी पानं आहेत. गावाला जाऊन आलेला पोरगा आठ खाडे सांगतो, आणि त्यातल्या दोन दिवशी मी स्वतः त्याला आमटी वाढलेली असते.

आता विचारायचं ते. एक तर, मला बसून टकटक करत गिऱ्हाईक बोलवायला वेळ नाही. मासे आपोआप वाढावेत तर आधी काय घ्यायचं?

दुसरं. गेम उतरवून घेताना खाली माहिती दिलेली असते, ती लेकीने वाचून दाखवली. गिऱ्हाइकाला तायाकी, स्ट्रॉबेरी पॅनकेक, स्पॅगेटी असं सगळं विचारून होतं, आणि तो हळूच म्हणतो, मापो टोफू मिळेल का? मालक म्हणतो, मिळेल की! आणि गुमीला ओरडून सांगतो, पळ, शेजारच्या सिचुआन हॉटेलातून घेऊन ये.

मी इतकी हसले की लेक घाबरली. कारण हे मी केलंय. एका मेंबरचे वडील जळगावहून आले होते. ताटावर बसल्यावर म्हणाले, शेवभाजी असती तर बहार आली असती. "आहे ना," म्हटलं, आणि मागच्या दाराने पोऱ्याला स्टीलचा डबा देऊन चार घरं पलीकडच्या ढाब्यावर पिटाळलं. वाटीत ओतली, वरून आपली कोथिंबीर. ते म्हणाले, "वहिनी, घरची चव आहे." आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तर हा मापो टोफू आहे तरी काय?

रात्रपाळी:

काकू, शेवभाजीचं गुपित इथेच राहील.

आधी टिपांचं टेबल वाढवा. गेम बंद असला तरी तिथे मासे साठत राहतात. फक्त एका हद्दीपर्यंत, मग थांबतात. म्हणून सकाळी दूध तापत ठेवलं की एकदा उघडून गोळा करायचे. दुसरं, नवी रेसिपी आणि चूल. खुर्च्या, पडदे, दिवे नंतर. पण काही प्राणी विशिष्ट सामान किंवा पदार्थ असल्याशिवाय फिरकतच नाहीत, त्यामुळे सजावट अगदीच वायफळ नाही. जाहिराती बघितल्या की जास्तीचे मासे मिळतात, सक्ती नाही. मी रात्री तीनला, हापिसात सगळं थंड असताना बघतो.

आणि गिऱ्हाइकांची पत्रं वाचा हो. लोक मासे मोजत बसतात आणि पत्रं तशीच पडून. मी पुन्हा पहिल्यापासून खेळतोय तो पत्रांसाठीच. मागचा फोन बदलताना बॅकअप घ्यायला विसरलो, चूक माझीच. सत्तरेक प्राणी जमले होते.

गॅलीतला_बाबू:

मी वेंगुर्ल्याचा, जहाजावर कुक. मापो टोफू मी एका चिनी सहकाऱ्याकडून शिकलो, म्हणून बोलतो.

टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर समजा, पण पनीरपेक्षा लुसलुशीत, चमच्याने हलवलं तर मोडतं. त्यात थोडा खिमा, बाकला म्हणून एक शेंग असते, तिच्या आंबवलेल्या दाण्यांची आणि मिरचीची लाल पेस्ट, वर तेलाचा तवंग. आपल्या कटासारखा. आणि शेवटी सिचुआन मिरी. ही मिरी नाहीच, आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण. बांगड्याच्या आमटीत घालतो ना, तेच. दोन्हींचं बी काढून फेकायचं आणि साल वापरायची. जिभेला मुंग्या येतात.

पण काकू, तुम्हाला खरं आवडेल ते पुढे आहे. 'मापो' म्हणजे देवीचे व्रण असलेली म्हातारी. 1862 च्या सुमारास चीनच्या सिचुआन प्रांतात, चेंगदू शहरात पुलाजवळ चेन आडनावाच्या घरची बाई खानावळ चालवायची, तेल वाहणारे हमाल तिच्याकडे जेवायचे, असं सांगतात. जिभेच्या मुंग्यांनाही 'मा' हेच अक्षर. म्हणजे गुमी शेजारून जे आणतो ते एका मेसवालीचंच.

नागोयाची_सून:

तायाकीबद्दल मी सांगते. नाव माशाचं, आकार माशाचा, आत मासा नाही. 'ताई' हा इथला शुभकार्यातला मासा. लोखंडी साच्यात पीठ ओतायचं आणि आत आझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याचं गोड सारण. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा बघूनच नको म्हणाल्या. मोडून दाखवला तर म्हणाल्या, "अगो, हे तर पुरण!" वेलची नाही एवढंच. टोकियोत नानिवाया नावाचं 1909 पासूनचं दुकान आहे, तिथे त्यांनी दोन खाल्ले.

मला स्वतःला हा गेम थोडा गजबजलेला वाटतो, माणूस दमतं. मी 'नेको आत्सुमे'वाली. तोही मांजरांचाच गेम, 2014 चा, हिट-पॉइंट कंपनीचा. वर्षभर फक्त जपानीत होता तरी परदेशातले लोक भाषा न कळता खेळत होते. अंगणात खाणं ठेवायचं आणि निघून जायचं, मांजरं आपली येतात. त्यात एक लठ्ठ मांजर आहे, येतं आणि सगळी वाटी एकटं चाटून तिथेच पसरतं.

चपातीवाली_काकू:

ते लठ्ठ मांजर आमच्याकडेही आहे, मेकॅनिकल तिसरं वर्ष. रविवारच्या फीस्टला अकरा वाजताच येऊन बसतं.

रात्रपाळी, टेबल वाढवलं. सकाळी उघडलं तर मासेच मासे. पत्रंही वाचायला लागलेय, इंग्रजी अडलं की लेकीला फोटो पाठवते. तिने उलट विचारलं, "आई, जेवलीस का?" हे तिने विचारायचं की मी?

बाबू, त्या चेनबाईंचं वाचून दुपारी झोप लागली नाही. दीडशेच्या वर वर्षं झाली आणि नाव पदार्थाला चिकटलंय, तेही तोंडावरच्या व्रणांनी. पोरं मागे मला काय म्हणत असतील कोण जाणे.

पनीर घालून करून बघणार आहे, टोफू इथे मिळाला तरी बजेटात बसायचा नाही. पण तिरफळावर अडलंय. किराणावाल्याकडे मागितलं तर त्याने त्रिफळा चूर्ण काढून दिलं, वर म्हणतो, "रात्री कोमट पाण्यातून घ्या." कुणी कोकणातून सांगलीकडे येणारं असेल तर शंभर ग्रॅम आणा. पैसे रोख देईन, मासे नाही.