इम्पॅक्टसारखा जाड टाइप मथळ्यापुरताच ठेवावा का?

अक्षरवेडा
गेल्या आठवड्यात एक माहितीपत्रक हाती आलं. सहा परिच्छेद, सगळे इम्पॅक्ट या जाड इंग्रजी फॉन्टमध्ये. दुसऱ्या परिच्छेदापुढे वाचवेना. हा टाइप जेफ्री ली यांनी रेखाटला, शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या टाइप बनवणाऱ्या कंपनीने १९६५ मध्ये बाजारात आणला, आणि तो जाहिराती-मथळ्यांसाठीच होता. घडण बघा ना: लहान लिपीतली अक्षरं जवळजवळ मोठ्या अक्षरांएवढी उंच, वर-खाली जाणारे दांडे आखूड, ‘a’ आणि ‘e’च्या पोटात जेमतेम फट. चार शब्द मोठ्या आकारात लावा, भिंतीसारखे उभे राहतात. बारा पॉइंटला त्याच फटी बुजतात. माझ्या मते मजकुराला हा लावूच नये.

ठळकबाजू
‘लावूच नये’ हे फार झालं. फोटोवर ओळ टाकायची असेल तर? मीम्समध्ये पांढरं इम्पॅक्ट आणि काळी कड का टिकली? मागे ढग असोत की गर्दी, ओळ वाचता येते. बारीक अक्षराला तेवढीच कड दिली तर अक्षरच तिच्यात बुडतं.
दुसरं, वेबवरच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी निकष. त्यांत १८ पॉइंटचं साधं किंवा १४ पॉइंटचं बोल्ड अक्षर ‘मोठं’ धरतात आणि अक्षर-पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट ४.५:१ ऐवजी ३:१ चालतो. जाडीने वाचणाऱ्याला मदत होते, हे त्यात गृहीतच आहे.

अक्षरवेडा
१४ पॉइंटचं मान्य. पण बोल्ड वेगळा आणि दाबून बसवलेला बोल्ड वेगळा. जाडीबरोबर रुंदी वाढली तर पोटातली जागा राहते. इम्पॅक्टमध्ये जाडी वाढवलीय आणि रुंदी छाटलीय. मला तेच खटकतं.

मुद्रितशोधक
तुम्ही दोघंही रोमन लिपीवरच बोलताय. इम्पॅक्टमध्ये देवनागरी नाहीच. मराठी टाइप केलं की संगणक दुसराच फॉन्ट उचलतो. त्या फॉन्टला स्वतःचा बोल्ड नसला आणि आपण बोल्डचं बटण दाबलं, तर सॉफ्टवेअर रेघा नुसत्या फुगवतं. मुद्रितं तपासताना हे रोज डोळ्यांना खुपतं. ‘ध’ आणि ‘घ’ ओळखायचे शिरोरेषेतल्या तुटीवरून. ती तूट बुजली की ‘धार’ची ‘घार’ होते! ‘भ’ आणि ‘म’चंही तसंच, ‘भरणे’ वाचायचं की ‘मरणे’ हे संदर्भावर सोडावं लागतं. वर अनुस्वार मात्रेला चिकटतो तो वेगळाच.
मुळातून रेखाटलेल्या बोल्डमध्ये हे सांभाळलेलं असतं. दांडा जाड केला तरी जोडावर रेघ थोडी निमुळती करतात, म्हणजे तिथे काळा गोळा होत नाही. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट घ्या, २०० ते ८०० अशी सात वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत. फुगवायची गरजच नाही.

ठळकबाजू
‘धार-घार’ वाचून माझी जुनी कामं उघडून पाहिली. दोन ठिकाणी फुगवलेलाच बोल्ड निघाला, ते आजच बदलतो. पण मग दोष नकली बोल्डचा आहे, जाड टाइपचा नव्हे.

अक्षरवेडा
देवनागरीपुरतं तुमचं बरोबर. इम्पॅक्टमधले सहा परिच्छेद मात्र अस्सल इम्पॅक्टच होते, तरीही वाचता आले नाहीत.

ठळकबाजू
परिच्छेद सोडला, घ्या. मथळा ८००, उपमथळा ६००, मजकूर ४००. पण धोक्याच्या पाटीवरच्या तीन ओळी मी जाडच ठेवणार. तिथून जाणारा माणूस थांबून वाचत नाही.